जुन्या छोट्या मोटारीचे पेट्रोल नेमके कोठे जाते?

पंधरा-वीस वर्षांची मारुती ८००, अल्टो किंवा सँट्रो मनोरहून मुंबई-अहमदाबाद महामार्गाने सुरतेकडे नेली, तर लिटरला सतरा-अठरा किलोमीटर सहज देते. आणि तीच मोटार, तोच चालक व त्याच पंपावरचे पेट्रोल असताना, घर, बोईसर स्टेशन आणि तारापूर औद्योगिक वसाहत अशा रोजच्या फेऱ्यांत बारा-तेरावर येऊन ठेपते. पालघर-बोईसर पट्ट्यातील मोटारमालकांना हा अनुभव नवा नाही. त्याचे कारण विचारले असता ‘गाडी जुनी झाली’ हे उत्तर बहुधा मिळते. परंतु महामार्गावर धावणारी मोटारही तितकीच जुनी असल्याने त्या उत्तराने कोड्याचा उलगडा होत नाही. वयामुळे इंजिनाची झीज होते हे खरे असले, तरी पेट्रोलचा मोठा वाटा प्रवासाचे स्वरूप आणि वयाच्या आड दडलेले दोन-तीन किरकोळ बिघाड खाऊन टाकतात, व या दोहोंवर मालकाला बरेच काही करता येते. ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी ठाण्याची एमएच ०४ ही पाटी मिरवणाऱ्या मोटारी येथे आजही पुष्कळ दिसतात, आणि अशा प्रत्येक मोटारीला पुढील विवेचन थोड्याफार फरकाने लागू पडते.

लिटरमधील नऊ युनिटे

एक लिटर पेट्रोल जाळले असता सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते. विजेच्या मीटरच्या भाषेत ही जवळजवळ नऊ युनिटे होतात. एवढ्या ऊर्जेवर घरातील पंखा पाच दिवस चालू शकेल. मात्र इंजिन ही सर्व ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचवू शकत नाही. उष्णतेचे कामात रूपांतर करणाऱ्या प्रत्येक यंत्राला तिचा मोठा भाग बाहेर टाकावाच लागतो, हा निसर्गनियम आहे आणि त्यातून मोठी यंत्रेही सुटत नाहीत. तारापूरच्या अणुवीज केंद्रातील अणुभट्ट्यांत निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकीही जेमतेम तिसरा हिस्सा विजेच्या रूपाने तारांवर चढतो आणि उरलेली उष्णता समुद्राचे पाणी घेऊन जाते. छोट्या पेट्रोल मोटारीत रेडिएटर आणि सायलेन्सर यांतून जाणारा वाटा त्याहूनही मोठा असतो, आणि गावातल्या चालण्यात चाकांना साधारण पाचवा हिस्साच मिळतो.

हा पाचवा हिस्सा कशावर खर्च होतो, हे पाहण्यासाठी डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत तयार होत राहिलेली मारुती ८०० उदाहरणादाखल घेता येईल. तिचे तीन सिलिंडरांचे इंजिन ७९६ सीसीचे आणि स्वतःचे वजन सुमारे ६५० किलो. दोन माणसे व थोडे सामान धरून ते ८०० किलोंपर्यंत जाते. सपाट, चांगल्या डांबरी रस्त्यावर ही मोटार एकसारख्या वेगाने चालवताना दोन विरोध सोसावे लागतात. टायर रस्त्यावर दबत-सुटत जातो त्यामुळे होणारा विरोध सुमारे दहा किलो वजन उचलून धरण्याइतका असतो आणि वेग वाढला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर तो चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरला तो सुमारे आठ किलो भरतो, ८० ला एकवीस आणि १०० ला तेहतीस किलोंच्या घरात जातो. दोन्ही विरोधांची बेरीज केली, तर ५० च्या वेगाला अठरा, ८० ला एकतीस आणि १०० ला त्रेचाळीस किलो असा हिशेब येतो. खनिज तेल बचतीसाठी काम करणारी पीसीआरए ही केंद्र सरकारची संस्था ४५ ते ५५ किलोमीटरच्या वेगाची शिफारस अनेक वर्षे करीत आली आहे, तिच्यामागचे गणित हेच आहे.

परंतु या गणिताने सुरुवातीचे कोडे सुटत नाही, उलट अधिक अवघड होते. महामार्गावरील वेग जास्त असल्याने तेथे पेट्रोल अधिक लागायला हवे आणि बोईसरच्या तीस-चाळीसच्या वेगाला ते कमी लागायला हवे. प्रत्यक्षात उलटे घडते, याचा अर्थ गावातल्या फेरीत हवा आणि रस्ता यांखेरीज आणखी कोणीतरी पेट्रोल पीत असले पाहिजे.

ब्रेकमध्ये जिरणारे पेट्रोल

पहिला संशयित ब्रेक हा आहे. ८०० किलोंची मोटार ताशी ५० च्या वेगात असते, तेव्हा तिच्या गतीत सुमारे ७७ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते आणि ती इंजिनाने पेट्रोल जाळूनच कमावलेली असते. ब्रेक दाबताच ही सारी कमाई ब्रेकच्या डिस्कमध्ये व ड्रममध्ये उष्णता बनून हवेत जाते. त्याच ऊर्जेवर मोटार सपाट रस्त्यावर सुमारे ४०० मीटर गेली असती. चाकांना पाचवा हिस्साच मिळतो हे लक्षात घेतले, तर ती परत कमावण्यास साधारण १२ मिलिलिटर पेट्रोल लागते. म्हणजे ५० वरून शून्यावर येण्याचे ऐंशी प्रसंग झाले की एक लिटर पेट्रोल केवळ ब्रेक तापवण्यात संपते. पूर्ण थांबण्याचीही आवश्यकता नाही. गतिरोधकासाठी वेग ५० वरून २० वर आणला, तरी साठलेल्या ऊर्जेचा चार-पंचमांशाहून अधिक भाग गेलेला असतो, कारण ही ऊर्जासुद्धा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

पालघरहून कोळगाव-उमरोळीच्या बाजूने बोईसरला येणाऱ्या रस्त्यावरील गावे, शाळांपुढचे गतिरोधक, वसाहतीत वळणारे ट्रेलर व टँकर आणि पाळी सुटण्याच्या वेळची दाटी लक्षात घेता असे प्रसंग एका फेरीत किती येतात, हे सांगावयास नको. गतिरोधक टाळता येत नाही; परंतु तो दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढणारा चालक आणि त्याच्या पुढ्यापर्यंत जोरात जाऊन ब्रेक मारणारा चालक यांच्या पेट्रोलच्या खर्चात मोठा फरक पडतो, आणि वेळेतला फरक काही सेकंदांचाच असतो. इंजेक्शन पद्धतीच्या मोटारीत याला आणखी एका गोष्टीची जोड मिळते. मोटार गिअरमध्ये असताना पाय काढला आणि इंजिनाचे फेरे पुरेसे असले, तर नियंत्रण करणारा संगणक पेट्रोलची फवारणी पूर्ण थांबवतो व चाकेच इंजिनाला फिरवत राहतात. त्यामुळे पालघर-मनोर रस्त्यावरील वाघोबा खिंड उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याची जी सवय अनेकांना आहे, ती इंजेक्शनच्या मोटारीत उलटी पडते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल लागतच राहते आणि गिअरमध्ये ते शून्यावर येते. इंजिनच बंद करून उतरणे तर शुद्ध वेडेपणा होय, कारण ब्रेकला मदत करणारी निर्वात पेटी इंजिनाच्या ओढीवर चालते आणि एक-दोनदा ब्रेक दाबल्यावर तिचा जोर संपतो. कार्बोरेटरच्या मोटारीत फवारणी थांबवण्याची अशी सोय नसते, पण खिंडीत गिअर लावूनच उतरावे, हा सुरक्षिततेचा नियम तिलाही लागू आहे.

मोठे इंजिन, छोटे काम

दुसरा संशयित सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वर सांगितलेला अठरा किलोंचा विरोध ताशी ५० च्या वेगाने ओढण्यास जेमतेम साडेतीन अश्वशक्ती लागते, आणि मारुती ८०० च्या इंजिनाची क्षमता ३७ अश्वशक्तीची आहे. म्हणजे गावात चालताना इंजिन आपल्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्यावर रेंगाळत असते. पेट्रोल इंजिनाला कमी ताकद द्यायला लावायचे, तर आत जाणाऱ्या हवेची वाट थ्रॉटल नावाच्या झडपेने अरुंद करावी लागते. ॲक्सिलरेटर दाबला की हीच झडप उघडते. आता औषधाच्या रिकाम्या पिचकारीचे तोंड बोटाने दाबून तिचा दट्ट्या मागे ओढून पाहिला, तर हाताला जो ताण जाणवतो, तोच ताण झडप जवळजवळ बंद असताना प्रत्येक सिलिंडरातील दट्ट्याला मिनिटाला शेकडो वेळा सोसावा लागतो, आणि त्याचे मोल पेट्रोलने चुकवावे लागते.

वरच्या गिअरचे महत्त्व यातून कळते. तोच वेग चौथ्या गिअरमध्ये राखला, तर इंजिनाचे फेरे कमी होतात, झडप अधिक उघडावी लागते, ओढण्याचा ताण घटतो आणि दट्ट्यांचे घासणेही कमी होते. इंजिन धडधडू लागणार नाही इतपत लवकर वरचा गिअर टाकणे हे पेट्रोल बचतीचे सर्वांत स्वस्त साधन आहे, कारण त्याला एक पैसाही लागत नाही. वेग घेताना अगदी हळुवार पाय ठेवून दुसऱ्याच गिअरमध्ये लांबवर रेंगाळणारे चालक स्वतःला काटकसरी समजतात. त्यापेक्षा बऱ्यापैकी पाय देऊन वरच्या गिअरपर्यंत लवकर पोहोचणारा चालक कमी पेट्रोल जाळतो.

वातानुकूलन यंत्राचा हिशेबही याच आकड्यांवरून लागतो. छोट्या मोटारीतील एसीचा कॉम्प्रेसर एक ते दोन किलोवॅट शक्ती घेतो आणि मोटारीला ५० च्या वेगाने नेण्यास सुमारे अडीच किलोवॅट लागतात. म्हणजे एसी ही त्या इंजिनाला जवळपास अर्ध्या मोटारीची भर आहे. शिवाय एसीचा खर्च किलोमीटरवर नसून तासावर ठरतो. महामार्गावर एका तासात सत्तर किलोमीटर होतात, तर स्टेशनजवळच्या कोंडीत दहाही होत नाहीत आणि एसी दोन्हीकडे सारखेच पेट्रोल घेतो.

थंड इंजिन आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट

तिसरा संशयित सर्वांत चोरटा आहे. इंजिन ८० ते ९० अंश तापमानाला चालावे, अशी त्याची रचना असते. पालघरच्या माणसाला मे महिन्याची सकाळ उकाड्याची वाटली, तरी इंजिनाच्या दृष्टीने तीस अंश म्हणजे थंडीच असते. थंड इंजिनात तेल दाट असते व पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून हवेच्या मानाने अधिक पेट्रोल सोडावे लागते. जुन्या कार्बोरेटरमध्ये हे काम चोक करीत असे, २००० च्या आसपास सर्वत्र झालेल्या इंजेक्शन पद्धतीत ते संगणक करतो. इंजिन पुरते तापेपर्यंत काही किलोमीटर जातात. घरापासून कारखाना तीन-चार किलोमीटरवर असेल, तर मोटार रोज थंडच निघते व तापता तापता बंद होते. दळण, भाजी आणि शाळा यांसाठी तीन वेगळ्या फेऱ्या मारण्याऐवजी एकाच फेरीत तिन्ही कामे उरकली, तर तेवढ्याच अंतराला लागणारे पेट्रोल लक्षणीय घटते, ते यामुळेच.

परंतु काही मोटारी लांब जाऊनही नीट तापत नाहीत, आणि त्याचे कारण बहुधा गॅरेजमध्ये घडलेले असते. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप असते. तिच्या पोटात विशिष्ट मेण भरलेले असते. पाणी सुमारे ८० अंशांपुढे तापले की ते वितळून फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. तोपर्यंत पाणी इंजिनातच फिरत राहून ते लवकर तापते. ही झडप बंद स्थितीत अडकली, तर इंजिन उकळते. म्हणून ‘आपल्याकडच्या उन्हात याची गरज नाही’ असे सांगून ती कायमची काढून टाकण्याची पद्धत अनेक मेकॅनिकांमध्ये आजही आहे. झडप गेल्यावर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते, इंजिन अर्धवट तापलेले राहते, तापमान मोजणारा सेन्सर संगणकाला ‘अजून थंड आहे’ असे कळवत राहतो आणि संगणक इमानेइतबारे जादा पेट्रोल सोडत राहतो. मालकाला यातले काहीच दिसत नाही. मोटार सुरू होते, पळते, तापतही नाही, आणि तक्रार राहते ती फक्त ॲव्हरेजची.

हा बिघाड ओळखण्यास डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा पुरेसा आहे. गावात थांबत-चालत असताना काटा मध्यापर्यंत येतो आणि चिल्हार फाट्यावरून महामार्गाला लागून वाऱ्याचा झोत मिळू लागताच तो खाली घसरतो, अशी लक्षणे असतील तर थर्मोस्टॅट एकतर जागेवर नाही किंवा उघडा अडकला आहे, असे समजण्यास हरकत नाही. धडधाकट मोटारीत काटा एकदा वर आला की दोन्हीकडे जवळपास एकाच जागी राहतो. काटा नीट असूनही पेट्रोल जास्त लागत असेल, तर तापमानाचा सेन्सर किंवा धुरातील प्राणवायू मोजून मिश्रण दुरुस्त करणारा ऑक्सिजन सेन्सर थकला असण्याची शक्यता उरते. त्याचा एक पुरावा मालकाच्या हाती आपोआप येत असतो: पीयूसीच्या चिठ्ठीवर छापलेला कार्बन मोनॉक्साइडचा आकडा. मर्यादेच्या आत आहे एवढे पाहून चिठ्ठी कप्प्यात टाकण्याऐवजी मागच्या चिठ्ठीशी तो ताडून पाहावा. आकडा चढत चालला असेल, तर पेट्रोल अर्धवट जळून बाहेर पडत आहे.

एअर फिल्टरविषयी मात्र एक प्रचलित समज दुरुस्त करावा लागेल. कार्बोरेटरच्या मोटारीत फिल्टर धुळीने बंद झाला, तर मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि खर्चही वाढतो. इंजेक्शनच्या मोटारीत आत येणारी हवा मोजून तेवढेच पेट्रोल सोडले जाते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांतही अशा मोटारींत तुंबलेल्या फिल्टरचा परिणाम ओढ कमी होण्यावर दिसला, पेट्रोलच्या खर्चावर जवळजवळ दिसला नाही. वसाहतीतल्या धुळीत फिल्टर वेळेवर बदलावा हे योग्यच, पण त्याने ॲव्हरेज वाढेल ही आशा बाळगू नये. पेट्रोलच्या नळीला बांधायची चुंबके आणि टाकीत टाकायच्या बाटल्या यांचा विचार तर सोडूनच द्यावा.

खारी हवा, घासणारा ब्रेक

सातपाटी, केळवे, चिंचणी या किनाऱ्यालगतच्या गावांत आणि पावसाळ्यात सर्वत्रच, मोटारीखालचे लोखंड गंजते. मागच्या ड्रममधील शू किंवा हँडब्रेकची केबल गंजून अडकली, अथवा पुढच्या कॅलिपरच्या पिना जाम झाल्या, की ब्रेक सोडल्यावरही किंचित घासत राहतो. हे घासणे चालकाला जाणवत नाही. परंतु मूळ विरोधच अठरा किलोंचा असल्यामुळे एका चाकावरील चार किलोंचे घासणेदेखील ५० च्या वेगाला वीस टक्क्यांहून अधिक भर टाकते. ब्रेक फारसा न वापरता काही किलोमीटर चालवून मोटार थांबवावी आणि चारही चाकांजवळ तळहात नेऊन पाहावा. एक चाक इतरांपेक्षा उघडपणे गरम लागले, तर दोष तेथे आहे. रिमला एकदम हात लावू नये, चटका बसतो.

टायरच्या हवेचा परिणाम त्या मानाने छोटा, पण निश्चित असतो. चारही टायरांत एक पीएसआय हवा कमी झाली, तर पेट्रोलचा खर्च सुमारे ०.२ टक्क्याने वाढतो. म्हणजे दहा पीएसआयने बसलेले टायर दोन टक्के खातात आणि स्वतःही लवकर झिजतात. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी व दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीत दिलेल्या आकड्याइतकी भरावी.

[चौकट] ॲव्हरेज कसे मोजावे

काट्यावरून केलेला अंदाज आणि पाचशे रुपयांच्या पेट्रोलवरून लावलेला हिशेब हे दोन्ही फसवे असतात. पंपाची नळी आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरावी आणि किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावा. टाकी बरीच रिकामी झाल्यावर त्याच पंपावर, शक्यतो त्याच नळीने, पुन्हा तशीच भरावी. झालेल्या किलोमीटरना या वेळी गेलेल्या लिटरांनी भागावे. एका वेळच्या आकड्यावर विसंबू नये, तीन-चार वेळांची सरासरी घ्यावी. एका वेळी एकच दुरुस्ती करावी, नाहीतर कशाने फरक पडला हे कळत नाही. मूळ मापापेक्षा मोठे टायर घातलेल्या मोटारीचे मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी किलोमीटर दाखवते, त्यामुळे ॲव्हरेज विनाकारण घटल्यासारखे भासते. सीएनजीचे किलो आणि पेट्रोलचे लिटर यांचीही थेट तुलना करू नये. एक किलो सीएनजीत सुमारे दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते.

बदललेले पेट्रोल

इतके सर्व करूनही दहा वर्षांपूर्वीच्या वहीतला आकडा पुन्हा मिळणार नाही, कारण दरम्यान पेट्रोलच बदलले आहे. २०२२ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले आणि २०२५ मध्ये ते प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. वीस टक्के मिश्रणाच्या एका लिटरात त्यामुळे ३२ ऐवजी ३० च्या आसपास मेगाज्यूल भरतात, आणि ही तूट सहा ते सात टक्क्यांची होते. निती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ च्या अहवालात जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी हाच सहा ते सात टक्क्यांचा अंदाज दिला होता. पंधरावर असलेली मोटार चौदावर आली, तर तिच्यात बिघाड शोधत बसण्यापूर्वी हा हिशेब करून पाहावा.

इंजेक्शनच्या मोटारीत ऑक्सिजन सेन्सर धड असेल, तर संगणक नव्या मिश्रणाशी बऱ्याच अंशी जुळवून घेतो; सेन्सर थकलेला असेल, तर जुळवणी चुकते आणि तूट सहा-सात टक्क्यांवर थांबत नाही. कार्बोरेटरला जुळवून घेणे मुळातच येत नाही. त्याचे जेट म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोके जुन्या पेट्रोलच्या मापाची असल्यामुळे नव्या मिश्रणात हवा जास्त व इंधन कमी पडते, इंजिन झटके देऊ लागते आणि चालक नकळत चोक ओढून ठेवतो, म्हणजे वाचवलेले पेट्रोल दुसऱ्या वाटेने जाते. अशा मोटारीचे मिश्रण कार्बोरेटरच्या जाणकाराकडून पुन्हा लावून घ्यावे लागते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. पावसाळ्यात महिनोन् महिने अर्ध्या टाकीने उभ्या राहणाऱ्या मोटारीत म्हणूनच टाकी भरलेली ठेवणे किंवा आठवड्यातून एकदा तरी लांबवर चालवून आणणे बरे. आणि पेट्रोलच्या नळ्या चिकट, फुगलेल्या किंवा भेगाळलेल्या दिसल्या, तर त्या आधी बदलाव्यात, कारण तेथून होणारी गळती हा ॲव्हरेजचा प्रश्न राहत नाही, तो आगीचा होतो.